पेशीतली जोडी वेळेआधी सुटली तर

वर्षावासात कराडच्या वस्त्यांमध्ये आरोग्यावर बोलायला बसलो की एक प्रश्न ठरलेला असतो : "ताई, कॅन्सरची गाठ होते म्हणजे आत होतं तरी काय?" कुणी नशीब म्हणतं, कुणी मागच्या जन्मीचं पाप. बुद्धांनी कारण शोधायला शिकवलं, तेव्हा कारणच पाहू.

एका पेशीच्या दोन होतात तेव्हा दोघींना ४६-४६ गुणसूत्रं मिळायला हवीत. ही वाटणी सेंट्रोसोम नावाचे दोन बारीक ठिपके करतात. ते दोन टोकांना जाऊन धागे सोडतात आणि रस्सीखेचीसारखी गुणसूत्रं आपापल्याकडे ओढतात.

वेळ येईपर्यंत मात्र सी-नॅप १ आणि रूटलेटिन ही प्रथिनं दोघांना जोखडातल्या बैलजोडीसारखी बांधून ठेवतात. वेळ झाली की नेक २ हे प्रथिन जोखड सोडतं. प्रत्येक सेंट्रोसोमच्या आतही दोन नळ्या एकमेकींना धरून असतात. वाटणी झाल्यावरच त्यांनी सुटायचं. आधीच सुटल्या तर जादा सेंट्रोसोम तयार होतात. मग ओढणारे तीन-चार, एका पेशीला गुणसूत्रं जास्त, दुसरीला कमी. अशा बिघाडातून गाठ होत असावी, हे जर्मन शास्त्रज्ञ बोव्हेरी यांनी १९१४ सालीच लिहून ठेवलं.

आपल्याकडेही यावर काम झालं आहे. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत सोराब दलाल यांच्या प्रयोगशाळेने २०१६ मध्ये दाखवलं, की १४-३-३ गॅमा हे प्रथिन कमी केलं की पेशीत जादा सेंट्रोसोम होतात. कॅन्सरचं हे एकमेव कारण नव्हे, पण तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींतही जादा सेंट्रोसोम आढळले आहेत.

प्रथिनं बनतात जनुकांच्या सांगण्यावरून, आणि तंबाखूतली रसायनं जनुकंच बिघडवतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, दंतमंजन नव्हे. सासूने सुनेला दिली, सासूला तिच्या सासूने. चिडायचं तरी कुणावर?

तोंडात पांढरा-लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तोंड कमी उघडू लागलं, तर वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. खर्चाची धास्ती असेल तर रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या व महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेबद्दल विचारा. कॅन्सरचे उपचार त्या योजनेत आहेत.