वयाबरोबर वाढणारे पुस्तक

धर्मग्रंथ एकदा वाचून संपत नाही. लहानपणी रामायण म्हणजे मारुतीची उड्डाणे. संसारात पडल्यावर सीतेचे दुःख कळू लागते. आणि पन्नाशी उलटली की दशरथाची कीव येते. ख्रिस्ती घरांतील बायबलचेही तसेच आहे.

लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या मुलाचा दाखला घ्या. धाकटा आपला वाटा घेऊन दूरदेशी जातो, सारे उडवतो, डुकरे राखण्याची पाळी आल्यावर घरी परततो. बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो, मेजवानी करतो. इमाने कष्ट केलेला थोरला मात्र रुसून बाहेर राहतो. मुलांना यात मेजवानी आवडते. विशीत आपण धाकट्याच्या बाजूचे असतो. चाळिशीत, घराचा खर्च आणि आईबापांची औषधे सांभाळताना, थोरल्याचा राग रास्त वाटतो. बाप कळायला आपली मुले दूर जावी लागतात! शब्द तेच, वाचणारा बदललेला.

याचे ठळक उदाहरण म्हणजे टिळक दांपत्य. हे घर खानदेशाला परके नव्हे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात रेव्हरंड ना. वा. टिळक आले होते. तेथेच धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे 'बालकवी' झाले आणि पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिले.

१८९३ साली आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. महत्त्वाच्या जागी पेन्सिलीने खुणा करीत तो वाचून टाकावा, असा त्यांचा विचार होता. डोंगरावरील प्रवचनाशी ते थांबले, ते कायमचेच. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्या वेळी लिहिण्यावाचण्याची जेमतेम ओळख होती. त्यांच्या लेखी या पुस्तकाने नवरा हिरावून नेला होता. काही वर्षे दोघांची ताटातूट झाली. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हे पुढे त्यांचे त्यांनाच उमगले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९१९ साली टिळक गेले, तेव्हा ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' जेमतेम दहा अध्याय झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी! वैरी वाटलेला ग्रंथ म्हातारपणी त्यांच्या स्वतःच्या ओवीत उतरला.

पंडिता रमाबाईंची वाट निराळी. त्यांच्या हाती प्रथम आले ते बंगालीतील लूकचे शुभवर्तमान. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा अभ्यासल्या. पण ती विद्वत्ता खर्चिली कोणासाठी? नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या बायाबापड्यांनाही कळेल अशा सोप्या मराठीत त्यांनी सबंध बायबल उतरवले. १९२२ साली मृत्यूपूर्वी ते काम पुरे झाले.

परधर्माचा ग्रंथ धर्म न बदलताही आपलासा होतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, हे सर्वश्रुत आहे. त्याच विनोबांनी नव्या करारातील वेचे निवडून 'ख्रिस्तधर्म-सार' सिद्ध केले.

आपल्याकडे मात्र दिवाळीच्या साफसफाईत फडताळातली पोथी खाली येते आणि धूळ झटकून पुन्हा वर जाते. "माहीत आहे ती गोष्ट," असे म्हणून आपण मोकळे होतो. माहीत असते ती दहाव्या वर्षी ऐकलेली गोष्ट. चाळिसाव्या वर्षाची अजून वाचायचीच राहिलेली असते.