लाडूला मराठी कळतं



2025 च्या पेसाहनंतर आमच्या अश्दोदच्या घरात एक नवीन मेंबर आला. वय दोन महिने, वजन तीन किलो, रंग भाजलेल्या बेसनासारखा. नातवंडं दोन वर्षं मागे लागली होती. शेवटी मुलगा आणि सूनबाई कबूल झाले, आणि ज्या बाईला कोणी विचारलंच नव्हतं तिच्याकडे, म्हणजे माझ्याकडे, पिल्लू दिवसभरासाठी सोपवण्यात आलं. सगळे कामाला नि शाळेला जातात, घरी मीच असते ना!

पहिला वाद नावावरून. कोकणात आमच्या आजोळी मोती नावाचा कुत्रा होता, म्हणून मी म्हटलं, मोती ठेवा. नातू हसून लोळायला लागला. "आजी, जिन्यात उभं राहून मोती म्हणून हाक मारलीस तर अर्धी बिल्डिंग बाहेर येईल!" खरंच की, हिब्रूत मोती हे मर्दखायचं लाडकं नाव. मग रंगावरून लाडू ठरलं. नाव दोन अक्षरी असावं, सगळ्यांच्या जिभेवर बसावं, म्हणजे पिल्लाला लवकर कळतं.

कायदा आणि लस

आजोळच्या मोतीला कोणी शिकवलं नाही, कोणी लस टोचली नाही. उरलेली भाकरी खायचा नि पडवीत झोपायचा. पण त्या काळची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. मुंबईत नर्सिंग शिकताना कुत्रा चावलेली मुलं यायची. पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक. ती लस परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बनायची. हाफकिनसाहेब आपल्यातलेच, ओडेसाचे यहुदी. 1897 साली मुंबईत प्लेगची लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली होती. आता चौदा इंजेक्शनं गेली, दंडात थोडे डोस पुरतात; पण रेबीज एकदा अंगात उफाळला की अजूनही माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. इस्राएलमध्येही 2017-18 साली उत्तरेकडे कोल्ह्यांमध्ये त्याची मोठी साथ आली होती.

म्हणून इथे कुत्रा तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस, कातडीखाली चिप आणि परवाना हे कायद्यानेच लागतं. त्याआधीपासून पार्व्हो वगैरे रोगांवरच्या लसीचे डोस सुरू होतात. ते पुरे होईपर्यंत आम्ही लाडूला बागेत खाली सोडलं नाही, कडेवर घेऊन फिरवलं. पण फिरवलं जरूर. पहिले तीन-साडेतीन महिने पिल्लू जे बघतं, ऐकतं, त्याची पुढे भीती वाटत नाही. बस, सायकल, टोपीवाले आजोबा, रडणारं बाळ, सगळं त्याला दाखवलं.

आणि बालमित्रांनो, कुठलाही कुत्रा चावला, नुसता ओरखडा काढला तरी लपवू नका. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, मोठ्यांना सांगा नि डॉक्टरकडे जा.

शी-शूचं वेळापत्रक

नर्सला हे सोपं गेलं. वॉर्डात जसं दर दोन तासांनी पेशंटला कूस बदलून द्यायचो, तसं दर दोन तासांनी लाडूला बाहेर न्यायचं. शिवाय झोपेतून उठला की, खाल्लं की, खेळून झालं की. ढोबळ हिशोब असा, की पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवा, तितके तास ते कसंबसं धरू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास. बाहेर शू केली की तिथल्या तिथे "शाब्बास!" आणि खाऊ. घरात केली तर न बोलता पुसून टाकायची. पूर्वी लोक पिल्लाचं नाक त्यात घासायचे. त्याने ते एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं, आणि मग सोफ्यामागे जाऊन करतं.

चावरेपणाही तसाच. दुधाचे 28 दात सुईसारखे टोचतात. चार ते सहा महिन्यांत ते पडून 42 पक्के येतात, तोवर हिरड्या शिवशिवतात. माझी एक चप्पल आणि आमच्या ह्यांचा चष्मा त्यात गेला. चावलं की खेळ बंद, पाठ फिरवायची, आणि चघळायचं खेळणं पुढे करायचं. मारायचं कधीच नाही.

तीन भाषांचा गोंधळ

खरी अडचण पुढेच होती. तीन महिन्यांचा झाला तरी लाडू काही ऐकेना. मुलगा म्हणायचा "शेव", नात टीव्हीवर ऐकलेलं "सिट", मी "बस". त्यात चहा ओतताना मी "बस, बस" म्हणायची, ते थांबवण्यासाठी. बिचारा सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचा आणि कोणाचंच करायचा नाही. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, कुत्रा मंद दिसतो. त्या म्हणाल्या, "कुत्रा हुशार आहे. तुम्ही माणसं एका गोष्टीला एक शब्द ठेवा."

घरात मीटिंग झाली. दिवसभर त्याच्याजवळ मी, म्हणून माझी भाषा ठरली. नातवाने हिब्रू अक्षरांत मराठी शब्द लिहून फ्रिजवर कागद लावला: बस, थांब, ये, सोड, जागेवर, शाब्बास. मी "पुरे" म्हणायला शिकले. नातवंडं "थांब"ला "तांब" म्हणतात, लाडूला दोन्ही कळतं. रोज तीनदा, पाच-पाच मिनिटं, जेवणाआधी. भुकेलं पिल्लू मन लावून शिकतं.

जूनमध्ये ह्याचा उपयोग झाला. इराणच्या युद्धाच्या त्या बारा दिवसांत भोंगा वाजला की लाडू पलंगाखाली शिरायचा. त्याला ओढून काढण्यात वेळ जायचा, आणि माझ्या वयाची बाई वाकून पडली तर खुब्याचं हाड मोडायचं. मग आम्ही त्याची गादी ममादमध्येच नेऊन ठेवली आणि शांत वेळी दिवसातून चार-पाचदा "जागेवर!" म्हणून आत खाऊ द्यायला लागलो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून तो आमच्या आधी आत पोचायला लागला.

मलिद्याचा दिवस

आता माझी चूक सांगते. ऑगस्टअखेर मुलगा मिलुईमवरून सुखरूप परत आला. मी नवस बोलले होते, म्हणून गुरुवारी संध्याकाळी एलियाहू हन्नाबीचा मलिदा केला. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, मनुका, वर फळं. दुआ झाल्या, पाहुणे बसले. माझी वाढलेली बशी मी तिपाईवर ठेवली आणि आत चहा बघायला गेले. लाडूचं नाक बरोबर तिपाईच्या उंचीला.

नातवाने ते पाहिलं आणि ओरडला, "लाडू, सोड!" लाडूने तोंडातला घास खाली टाकला. पण त्याआधी दोन-तीन घास पोटात गेले होते. मी म्हटलं, "जाऊ दे रे, मोती आमचा सगळं खायचा." नातू रडवेला झाला. म्हणाला, "आजी, मनुका! यादीत आहे!"

ती यादी डॉक्टरीणबाईंनी दिलेली होती आणि मीच फ्रिजवर लावली होती. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. एखाद्याला काही होत नाही, एखाद्याला थोड्याशाने होतं. 2021 साली अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषतज्ज्ञांनी त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. तेच चिंचेतही असतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची औषधं तीनदा तपासून देणारी मी, बशी तिपाईवर ठेवून गेले!

पाहुणे तसेच सोडून मुलगा नि नातू लाडूला घेऊन धावले. तासाभराच्या आत इंजेक्शन देऊन त्याला उलटी करवली. पोह्यांबरोबर नऊ मनुका निघाल्या, नातवाने मोजल्या. रात्रभर सलाईन, मग तीन दिवस रक्ततपासणी. किडनी ठीक निघाली. ते तीन दिवस मी नातवाच्या डोळ्याला डोळा देऊ शकले नाही. चौथ्या दिवशी मीच त्याला म्हटलं, "चुकले रे." तो म्हणाला, "तूच तर 'सोड' शिकवलंस."

आपल्या स्वयंपाकघरासाठी

तेव्हा ही यादी तुम्हीही लावा: मनुका, द्राक्षं, चिंच, कांदा, लसूण, चॉकलेट, आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल. आपलं कालवण कांदा-लसणाशिवाय होत नाही, म्हणून ताटातलं उरलेलं कुत्र्याला नको. साधा भात आणि बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी कधीमधी चालते. पेसाहच्या आधी कुत्र्याच्या खाण्याचं पाकीट वाचा, गहू असेल तर तो हमेत्स. तांदळाचं मात्र जनावराला चालतं. मांस आणि दूध मिसळलेलं तर आपल्याला जनावरालाही घालायची मनाई आहे.

उन्हाळ्यात भर दुपारी फिरवू नका. हाताची मागची बाजू डांबरावर ठेवून पाहा. तुम्हाला सोसवत नाही तर त्याच्या पावलांना कसं सोसेल? आणि ज्येष्ठांनो, पट्टा मनगटाला गुंडाळू नका. कुत्र्याने हिसका दिला तर सोडता आला पाहिजे.

तोरामध्ये आधी गुरांसाठी गवत आणि मग माणसाचं जेवण असा क्रम आहे. त्यावरून आपल्या शास्त्र्यांनी सांगितलं, की स्वतः जेवायच्या आधी जनावराला घाला. आमच्याकडे आता ते काम नातीचं. ती ताटली ठेवते, "तांब" म्हणते, लाडू थांबतो. मग ती म्हणते, "ये, खा." मला सहा वर्षांत तिच्याकडून जेवढं मराठी वदवता आलं नाही, तेवढं लाडूने एका उन्हाळ्यात वदवलं. परवा मी तिसरी करंजी उचलली तर मलाच म्हणाली, "आजी, सोड!"

लाडूतर्फे आणि आम्हा सर्वांतर्फे शालोम.