जलोद्यानाचे नामकरण

पाण्यातून घसरत जाण्याची मौज सर्वच जलोद्यानांत सारखी; म्हणून नव्या उद्यानास ध्यानात राहील असे नाव शोधणे मोठे जिकिरीचे असते. नाव सुटसुटीत व सर्वांस कळणारे असावे, असे जाणते लोक सांगतात. १९७७ साली अमेरिकेत ओरलँडो येथे निघालेल्या ‘वेट अँड वाइल्ड’चे नाव तसेच होते, पण ते कोणत्याही गावी शोभले असते.

दोनच वर्षांनी टेक्सास राज्यातील न्यू ब्राउनफेल्स येथे कोमाल नदीच्या काठी दुसरे उद्यान उघडले. त्याचे नाव ‘श्लिटरबान’. उच्चारताना इंग्रजी बोलणाऱ्याचीही जीभ अडखळावी असा हा शब्द! परंतु हे गाव १८४५ मध्ये जर्मनीहून आलेल्या लोकांनी वसविलेले. जर्मन भाषेत ‘श्लिटर्न’ म्हणजे घसरणे आणि ‘बान’ म्हणजे वाट. एका शब्दात गावाचा इतिहास आला आणि खेळही आला. उद्यानातील मनोरासुद्धा जर्मनीतील ब्राउनफेल्सच्या किल्ल्याच्या बुरुजासारखा बांधलेला आहे.

आपल्या ‘घसरगुंडी’ या शब्दातही घसरण्याचा नाद ऐकू येतो. तरीही मुंबईत गोराई येथे १९९८ साली निघालेल्या जलोद्यानाने ‘वॉटर किंगडम’ हे इंग्रजी नाव घेतले, याचे नवल वाटते.