गळका नळ

कोल्हापूर शहराच्या भोवती पाण्याला तोटा नाही. जवळूनच पंचगंगा वाहते, पश्चिमेस रंकाळा आहे, दक्षिणेस कळंब्याचा तलाव आहे. तरीही घरातील नळाला येणारे पाणी सहजासहजी येत नाही. नदीचे पाणी पंपाने उपसावे लागते, गाळून शुद्ध करावे लागते आणि मगच ते नळवाटे घरोघर पोचते. २०२३ साली काळम्मावाडी धरणातील पाणी कितीतरी कोसांवरून मोठ्या नळांतून थेट शहरापर्यंत आणण्यात आले. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात उपसा केंद्रेच पाण्याखाली गेली, तेव्हा तर विलक्षण प्रकार घडला. शहराच्या सभोवती पाणीच पाणी होते, पण घरातील नळ कोरडे पडले. लोकांना टँकरपुढे भांडी घेऊन उभे राहावे लागले! नळातून पडणाऱ्या थेंबाचे मोल त्या दिवसांत सर्वांस कळले.

असा हा थेंब गळक्या नळातून रात्रंदिवस वाया जात असतो. एका थेंबाने काय होते, असे कोणास वाटेल. त्याचा हिशेब करून पाहावा. सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसाकाठी ८६,४०० थेंब पडतात. थेंब लहानमोठे असतात. तथापि चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला २१,६०० मिलिलिटर, म्हणजे साडेएकवीस लिटरांहून थोडे अधिक पाणी जाते. वर्षाचा हिशेब सुमारे ७,९०० लिटर होतो. थेंबे थेंबे तळे साचते, तसे थेंबे थेंबे तळे आटतेही!

नळ गळतो तरी का? हे समजण्यासाठी त्याची अंतर्रचना पाहिली पाहिजे. जुन्या पद्धतीच्या नळात पाण्याच्या वाटेवर एक गोल भोक असते. त्याच्या काठाला नळाची बैठक म्हणतात. मूठ फिरवली की आट्यांचा एक दांडा खाली उतरतो. त्या दांड्याच्या टोकाशी रबराची चकती असते. कारागीर तिला 'वायसर' म्हणतात. ही चकती बैठकीवर घट्ट बसली की पाण्याची वाट बंद होते. रोजच्या दाबाने चकती झिजते, कडक होते, तिच्यावर चर पडतो. कधी वाळूचा एखादा कण मध्येच अडकतो. मग चकती आणि बैठक यांच्यामध्ये बारीक फट राहते आणि तीतून पाणी झिरपते. अशा वेळी पुष्कळ लोक मूठ अधिकच जोराने आवळतात. पण त्यामुळे चकती अधिकच कापली जाते आणि गळती थांबण्याऐवजी वाढते.

स्वयंपाकघरातील मिक्सर नळ हा या नळाचाच भाऊ होय. त्याला एक मूठ गरम पाण्याची व एक थंड पाण्याची असते. तोटी मात्र एकच. म्हणून गळती कोणत्या बाजूची, हे प्रथम ओळखावे लागते. सिंकखाली दोन लहान कॉक असतात. त्यांपैकी गरम पाण्याचा कॉक बंद करून थोडा वेळ थांबावे. थेंब पडायचा थांबला, तर दोष गरम बाजूस आहे. न थांबला, तर थंड बाजूस पाहावे.

दुरुस्ती करताना घरातील वडील माणूस जवळ असावे. पाणी तापवण्याचे विजेचे यंत्र असल्यास ते आधी बंद करावे. मग सिंकखालचे दोन्ही कॉक बंद करून नळ उघडावा व आत उरलेले पाणी वाहू द्यावे. सिंकच्या भोकावर फडके ठेवावे, म्हणजे एखादा लहान स्क्रू त्यात पडून नाहीसा होणार नाही. मुठीवरील तांबडी किंवा निळी टोपी हलकेच उचकटावी. तिच्याखाली स्क्रू दिसतो. तो काढला की मूठ निघते. नंतर पान्याने आतला दांडा डावीकडे फिरवून बाहेर काढावा. निघालेला प्रत्येक भाग फडक्यावर क्रमाने मांडून ठेवावा. जोडताना तोच क्रम उलटा घ्यावयाचा असतो.

दांड्याच्या टोकाची झिजलेली चकती काढावी आणि ती नमुना म्हणून दुकानात नेऊन त्याच मापाची नवी आणावी. नवी चकती बसवण्यापूर्वी बैठक फडक्याने पुसून घ्यावी. सर्व भाग जागच्या जागी बसवून कॉक सावकाश उघडावेत. इतके करूनही गळती राहिली, तर बैठकच खरवडली गेली आहे असे समजावे व ते काम कसबी नळकारागिराकडे सोपवावे.

काही मिक्सर नळांना दोन मुठींऐवजी एकच दांडी असते. ती उचलली की पाणी येते, डावीउजवीकडे वळवली की ते ऊन वा गार होते. या नळाची कथा मोठी मनोरंजक आहे. १९३७ साली अमेरिकेतील आल्फ्रेड मोएन नावाच्या विद्यार्थ्याला दोन मुठींच्या नळाखाली हात धुताना कढत पाण्याचा चटका बसला. दुसरा कोणी हात चोळून गप्प बसला असता. मोएन मात्र विचार करू लागला. दहा वर्षांच्या खटपटीनंतर, १९४७ साली, त्याचा एका दांडीचा नळ बाजारात आला. आज अशा बहुतेक नळांत रबराच्या चकतीऐवजी चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाच्या दोन गुळगुळीत चकत्या एकीवर एक सरकतात. त्या एका डबीत बसवलेल्या असतात. असा नळ गळू लागला, तर ती सबंध डबीच बदलावी लागते.

एक लहानशी चकती, एक पाना आणि थोडा धीर, एवढेच भांडवल या कामास लागते. वस्तू बिघडली की ती टाकून द्यावी, हा विचार सोपा खरा. परंतु ती कशी चालते हे जाणून ती नीट करणे यात खरी हुशारी आहे. धरणापासून घरापर्यंत पाणी आणण्यासाठी शेकडो माणसांचे श्रम खर्ची पडतात. शेवटच्या वीतभर अंतरात ते वाया जाऊ न देणे, हे ज्याच्या घरी नळ आहे त्याचे काम आहे.