घरचे वेल्डिंग मशीन : आधी सराव, मग दुरुस्ती

गळीत हंगाम संपला की ट्रॉल्या झाडाखाली उभ्या राहतात आणि साठलेली डागडुजी निघते. पूर्वी त्यासाठी गावच्या वेल्डरच्या दारात ताटकळावे लागे. खांद्याला अडकवून नेता येणारी इन्व्हर्टर मशीने निघाल्यापासून पुष्कळ सभासदांनी ती घरीच आणली आहेत. आणली ते बरेच केले. पण ट्रॅक्टर घेतला म्हणून नांगरट येत नाही, तसेच हेही आहे. म्हणून आम्ही वर्कशॉपवाले चार गोष्टी सांगतो.

सरावाला भंगारातली ५-६ मिलिमीटर जाडीची पट्टी घ्यावी. पातळ पत्र्यावर शिकू नये. भोके पडतात आणि माणसाचा हुरूप जातो. गंज, रंग, ग्रीस घासून काढावे. रॉड ६०१३ जातीचा, अडीच मिलिमीटरचा घ्यावा आणि करंट ७० ते ८० अँपिअर ठेवून सुरुवात करावी. अर्थचा चिमटा स्वच्छ लोखंडावरच लावावा. तो गंजावर लावला की ठिणगी धरत नाही आणि आपण मशीनला शिव्या देत बसतो. मशीन १६ अँपिअरच्या प्लगवर चालवावे, घरातल्या दिव्याच्या बोर्डावर नव्हे. जोडवायर बारीक आणि लांब असली तर व्होल्टेज पडते.

रॉड आगकाडी ओढावी तसा ओढायचा. चिकटला तर मनगटाने झटका द्यावा. पेटला की टोक आणि लोखंड यांत रॉडच्या जाडीइतकेच अंतर राखावे. रॉड जळून आखूड होत जातो, म्हणून हात पुढे सरकताना खालीही उतरला पाहिजे. नवशिक्याचे चुकते ते इथेच. जायचे त्या दिशेला होल्डर थोडा कलता धरून रॉड ओढत न्यावा, ढकलू नये. नजर ठिणगीवर नको, तिच्या मागच्या वितळलेल्या डबक्यावर ठेवावी. हात बसला की आवाज कढईत भजी सोडल्यासारखा एकसारखा येतो. एक पाकीट रॉड नुसत्या सरळ रेघा मारण्यात गेले तरी ते वाया गेले असे मानू नये.

आता मुख्य गोष्ट. वरून देखणा दिसणारा सांधा आतून धरलेला असेलच असे नाही. करंट कमी पडला किंवा हात घाईने गेला, तर धातू वर नुसता बसतो. याची परीक्षा घरी होते. एका पट्टीवर दुसरी काटकोनात उभी करून एकाच बाजूने वेल्डिंग मारावे, थंड झाल्यावर खालची पट्टी वाइसमध्ये पकडावी आणि उभी पट्टी वेल्डिंगच्याच बाजूला घणाने पाडावी. तुटलेल्या जागी काळी खपली अडकलेली दिसली, पोळ्यासारखी छिद्रे दिसली, किंवा पट्टीची मूळ कडा न वितळता तशीच राहिलेली दिसली, तर हात अजून कच्चा आहे.

म्हणून गोठ्याचे फाटक, गव्हाणीची चौकट, ट्रॉलीचे फाळके ही कामे हात बसल्यावर खुशाल घरी करा. ट्रॉलीची दांडी, हूक आणि अ‍ॅक्सल मात्र जाणत्या वेल्डरकडेच न्या. भरलेली ट्रॉली चढावर सुटली, तर मागे मोटारसायकलवर कुणाचा पोरगा असेल हे सांगता येत नाही.

काच १० किंवा ११ नंबरची हवी. उन्हाच्या गॉगलवर भागत नाही. डोळे त्या वेळी दुखत नाहीत, काही तासांनी, बहुधा रात्री, वाळू गेल्यागत खुपतात. पोरे बघायला जमतात, त्यांना आधी हाकला. पाचटाच्या गंजीजवळ, ओल्या जमिनीवर आणि अनवाणी काम नको. डिझेलच्या वा औषधाच्या रिकाम्या पिंपाला रॉड लावू नका. आतल्या वाफेचा स्फोट होतो. जस्ताच्या पाइपाचा धूर अंगात गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो, तेव्हा सांध्याजवळचे जस्त आधी घासून काढा आणि काम मोकळ्या हवेत करा. ट्रॅक्टरवरच वेल्डिंग करायचे झाले तर बॅटरीच्या वायरी सोडून ठेवाव्या आणि अर्थचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही.

उरलेले रॉड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवावेत. पावसाळ्यात दमट झालेल्या रॉडचा लेप फुगतो आणि सांध्याला छिद्रे पडतात.