प्रत्येक गाठ कुष्ठाची नसते



पाड्यांवर तपासणीला गेलो की अंगभर गाठी असलेले माणूस कधी कधी घराच्या मागच्या बाजूला, एकटे बसलेले दिसते. गावाने त्याला महारोगी ठरवलेले असते. काहींना कुष्ठरोग असतोही, आणि तो औषधाने बरा होतो. काहींचा आजार मात्र निराळा, जन्मतः आलेला असतो: न्यूरोफायब्रोमॅटोसिस. आमच्या सेविका त्याला ‘मऊ गाठींचा आजार’ म्हणतात. मला तेच नाव बरे वाटते.

सतराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात बिघाड होतो आणि मज्जातंतूंभोवतीच्या पेशी वाढून गाठी बनतात. साधारण 3000 जन्मांत एकाला हा आजार असतो. आईला किंवा बापाला असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. तरी सुमारे निम्म्या रुग्णांच्या घराण्यात तो आधी कोणालाच नसतो. त्यामुळे “आमच्यात असं कुणाला नाही” या उत्तरावर थांबता येत नाही.

पहिली तपासणी बोटाने. मऊ गाठ दाबली की काजात बटण शिरावे तशी आत जाते. मग कापसाने स्पर्श कळतो का ते पाहतो. पण एवढ्यावर विसंबू नये. कुष्ठाच्या गाठीही कधी बधिर नसतात, आणि नसा दोन्ही आजारांत जाड लागू शकतात. शंका असली की कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन त्यातल्या द्रवात जंतू शोधतो.

यानंतर डाग मोजायचे. दुधाच्या कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग, लहान मुलांत 5 मिलिमीटरहून व मोठ्यांत 15 मिलिमीटरहून मोठे. काखेत वा जांघेत बारीक ठिपके. डोळ्याच्या बुबुळावर इवल्या गाठी. अशा दोन खुणा जुळल्या की निदान बहुधा पक्के होते.

एक ताई कित्येक वर्षे घरच्यांपासून वेगळ्या ताटात जेवत होत्या. त्यांच्या तपासणीत जंतू सापडले नाहीत. पण सोबतच्या मुलीच्या पाठीवर आम्ही नऊ डाग मोजले. ताट त्याच दिवशी एक झाले. मुलीला मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवावे लागले, कारण या आजारात लहानपणी दृष्टीच्या नसेवर गाठ येऊ शकते.

आजार मुळातून जात नाही. त्रास देणारी गाठ काढता येते. एखादी गाठ झपाट्याने वाढू लागली, कडक झाली किंवा रात्रीही ठणकू लागली, तर ती कर्करोगाची असू शकते. अशा वेळी लेप, डाग देणे यांत दिवस न घालवता रुग्णाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे.