चेक दिला, पण त्याचा कागद जातो कुठे?

आज थोडं रुक्ष वाटेल, पण ज्याच्या गल्ल्यात चेकबुक आहे त्याने शेवटपर्यंत वाचा.

२०१६ च्या नोटाबंदीनंतर आपल्या नाशिक जिल्ह्यात कांद्याचं पेमेंटसुद्धा चेकने व्हायला लागलं होतं. तेव्हापासून अनेकांच्या डोक्यात एकच हिशोब बसलाय: "आज चेक देऊ, वटायला दोन दिवस लागतात, तोवर पैसे भरू."

हा हिशोब आता विसरा.

समजा, तुम्ही कळवणहून नाशिकच्या होलसेलवाल्याला चेक दिला. त्याची बँक तो स्कॅन करते आणि तुमच्या बँकेला फक्त त्याची इमेज पाठवते. कागद तिकडेच राहतो. याला म्हणतात सीटीएस. ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसाच्या ठरलेल्या वेळेत भरलेले चेक लगेच पुढे जातात. तुमच्या बँकेने संध्याकाळी ७ पर्यंत हो-नाही कळवलं नाही, तर चेक मंजूर धरला जातो. खात्यात पैसे नसतील तर त्याच दिवशी बाउन्स, आणि पुढे कलम १३८ ची नोटीस.

आता खरा मुद्दा. सही तुमची नसेल, रक्कम बदललेली असेल तर? कागद तुमच्या बँकेकडे नसला तरी तुमचा हक्क संपत नाही. चेकच्या इमेजची प्रमाणित प्रत मागा. मूळ चेकच बघायचा असेल तर आपल्याच बँकेत अर्ज द्या, ती समोरच्या बँकेकडून मागवते. थोडा चार्ज लागू शकतो. तो कागद १० वर्षं जपून ठेवणं त्या बँकेला बंधनकारक आहे. "कागद आमच्याकडे नाही" एवढ्या उत्तरावर काउंटरवरून परत फिरू नका.

आणि ५० हजार किंवा जास्तीचा चेक देताना पॉझिटिव्ह पे करा. चेक नंबर, तारीख, नाव, रक्कम अॅपवर किंवा शाखेत आधीच कळवायची. ५ लाखांपासून पुढे बँक हे सक्तीचं करू शकते. पण सक्ती नसली तरी करा, कारण वाद झाला तर सीटीएसच्या वाद-निवारण व्यवस्थेत पॉझिटिव्ह पे केलेलेच चेक घेतले जातात. लोक नेमकं हेच टाळतात, दोन मिनिटांचं काम म्हणून.

खाडाखोडीचंही तसंच. तारीख सोडून काही बदलायचं असेल तर नवीन चेक फाडा. शेजारी सही मारून सीटीएसमध्ये चालत नाही.